चौघांचा प्रभाग आणि एक ड्रेनेज लाइन

नगरसेवकाच्या कार्यालयात सगळ्यांत जास्त तक्रारी येतात त्या ड्रेनेजच्या, आणि प्रभागातलं राजकारण लवकर पेटतं तेही त्यांच्यावरूनच. रस्त्यावरचा दिवा गेला तर माणूस दोन दिवस कळ काढतो. चेंबर तुंबून मैला दारात आला की तासाभरात चौघांना फोन जातात. चौघांना म्हणजे प्रभागातल्या चारही नगरसेवकांना. पुण्यात २००२ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ला एकाचा, २०१२ला दोघांचा, आणि २०१७पासून चौघांचा. जानेवारी २०२६ची निवडणूकही याच पद्धतीने झाली : ४१ प्रभाग, १६५ जागा (एका प्रभागात तेवढे पाच नगरसेवक). मुंबईत आजही एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे. पुण्यात अ, ब, क, ड अशा चार जागांवरचे चौघे एकाच हद्दीत, त्याच मतदारांसमोर काम करतात, आणि काही प्रभागांत ते दोन पक्षांचे असतात. ड्रेनेजचं काम कसं करून घ्यायचं हे सांगताना पक्षाचं राजकारण बाजूला ठेवता येत नाही, कारण फाइलच्या प्रत्येक टप्प्यावर ते आडवं येतं.

उदाहरणाला १८० मीटर लांबीची एक गल्ली धरू. दोन्ही बाजूंना जुनी दुमजली घरं होती, तिथे आता चार-पाच मजली इमारती झाल्या. लाइन मात्र तीच जुनी, बारीक व्यासाची.

तक्रार आली की पहिलं काम पत्र लिहिण्याचं नाही. ते असतं चेंबर उघडून बघण्याचं, आणि ड्रेनेज विभागाचा मुकादम आणि कनिष्ठ अभियंता सोबत असतानाच. झाकणं पहारीने उचलायची, उतरत्या टोकाकडून चढत्या टोकाकडे एकेक करत जायचं. खालचं चेंबर कोरडं आणि वरचं भरलेलं असेल तर तुंबारा त्या दोघांच्या मध्ये आहे; जोराच्या दाबाने पाणी मारणारं जेटिंग मशीन लावलं की बहुधा सुटतो. मुख्य लाइनपर्यंत सगळीच चेंबर भरलेली असतील तर दोष गल्लीत नाही, पुढे आहे. सकाळी सात ते नऊ चेंबर काठोकाठ आणि दुपारी रिकामं, असं रोज होत असेल तर पाइप अपुरा पडतो आहे. पावसाची सर आली की लगेच भरत असेल तर कोणीतरी गच्चीचं किंवा आवाराचं पावसाळी पाणी मैलापाण्याच्या लाइनला जोडलं आहे. या चार गोष्टींपैकी नेमकी कोणती, हे ठरल्याशिवाय नवी लाइन मागणं म्हणजे पैसे मातीत घालणं. गल्लीच्या तोंडाशी मुख्य लाइनच तुंबलेली असताना आत नवा पाइप टाकला, तर पहिल्याच महिन्यात लोक पुन्हा दारात उभे राहतात आणि समोरच्या पक्षाला आयतं कोलीत मिळतं.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायची. तुंबारा काढायला माणूस चेंबरमध्ये उतरवायचा नाही, कार्यकर्त्यांनी कितीही घाई केली तरी. आत विषारी वायू असतो, आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. नगरसेवकाच्या तोंडी आग्रहामुळे कोणी उतरलं, तर त्या जिवाची जबाबदारी त्याच्यावरही येते. मशीन यायला संध्याकाळ होणार असेल तर लोकांना तसं स्पष्ट सांगावं. लोक समजून घेतात.

पाइप अपुरा आहे असं ठरलं की उताराचं गणित करायचं. ते अभियंत्यावर सोडून देऊ नये, कारण लाइन पुढे चालणार की नाही ते इथेच ठरतं. मैलापाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने वाहिलं तर गाळ बसत नाही. आपल्या गल्लीत ३०० मिमीचा पाइप १:१५० उताराने टाकायचा तर १८० मीटरमध्ये १.२ मीटरचा उतार लागतो. चढत्या टोकाला पाइपचा तळ रस्त्यापासून १.२ मीटर खोल धरला आणि रस्ता स्वतः अर्धा मीटर उतरत असेल, तर दुसऱ्या टोकाला पाइपचा तळ १.९ मीटरवर येतो. मग मुख्य लाइनचं चेंबर उघडून टेप सोडायचा. तिथला तळ १.९ किंवा त्याहून खोल असेल तर काम सोपं. तो १.१ मीटरवरच असेल तर मिळणारा उतार फक्त १:४५०, आणि वेग ०.६च्या आसपास घुटमळतो. अशा वेळी गल्लीबरोबर मुख्य लाइनचा तेवढा टप्पाही बदलावा लागतो, आणि खर्च दुप्पट होऊ शकतो. हे आधी न मोजता एस्टिमेट झालं की ठेकेदार अर्ध्यावर येऊन थांबतो. मग कुठेतरी उतार मारून, प्रसंगी उलटा उतार देऊन, लाइन जोडली जाते. तसली लाइन कायमची तुंबत राहते, आणि वरून काँक्रीट झालेलं असल्याने कोणाला दिसत नाही.

याच वेळी पिण्याच्या पाण्याची लाइन कुठून जाते तेही बघून घ्यावं. जुन्या गल्ल्यांत ती अनेकदा चेंबरला खेटून किंवा थेट चेंबरमधून गेलेली असते. दोन-तीन घरांच्या नळाचं पाणी क्लोरिनसाठी तपासून घ्यायचं. नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवा. एखाद्या घरी तो शून्य आला आणि शेजारी नीट असेल, तर त्या घराच्या जोडणीत मैलापाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. फाइलमध्ये हा अहवाल जोडला तर काम ‘सुधारणा’ न राहता आरोग्याचं होतं, आणि विभागात त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

आता पत्र. पत्र नगरसेवकाच्या लेटरहेडवर जाण्याआधी गल्लीतल्या रहिवाशांचा अर्ज घ्यावा, आणि तो चारही नगरसेवकांच्या नावे असावा. प्रत चौघांच्या कार्यालयात एकाच दिवशी पोहोचली पाहिजे, पोच घेऊन. यामागे पक्का हिशेब आहे. विरोधी पक्षाच्या नगरसेवकाला तुमच्या पत्रावर सही करायला अवघड जातं. त्याच्या पक्षातले लोक विचारतात, तू त्यांच्या मागे का गेलास? रहिवाशांच्या अर्जावर सही करायला मात्र त्याला काहीच अडचण नसते, उलट न करणं त्याला जड जातं. मग चौघांचं एकत्र पत्र होतं. मजकूर एवढाच पुरतो :

‘प्रभाग क्र. __ मधील अमुक चौक ते अमुक इमारत या १८० मीटर लांबीच्या गल्लीतील मैलापाणी वाहिनी अपुऱ्या व्यासाची असून सकाळच्या वेळी चेंबर ओसंडतात. समक्ष पाहणी दि. __ रोजी कनिष्ठ अभियंता यांच्यासोबत केली आहे. ३०० मिमी व्यासाची वाहिनी, चेंबर व घरजोडण्यांसह टाकण्याचे पूर्वगणनपत्रक (एस्टिमेट) तयार करून तरतुदीसाठी सादर करावे. रहिवाशांचा अर्ज, चेंबरच्या खोलीची मोजमापे, पाणी तपासणी अहवाल व छायाचित्रे सोबत.’

आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही. गल्लीचं वर्णनही नेमकं हवं, शक्यतो अक्षांश-रेखांशासह. त्याचं कारण असं : एकच गल्ली एकाच्या पत्रात ‘शाळेमागील बोळ’ असते आणि दुसऱ्याच्या पत्रात ‘मंदिर ते किराणा दुकान’. दोन्ही पत्रांवर दोन एस्टिमेटं होतात, अंदाजपत्रकात दोन कामं दिसतात, आणि लेखापरीक्षणात ‘दुबार काम’ म्हणून दोन्हीवर आक्षेप येतो. काम लोकांना हवं असतं, दोन्ही नगरसेवकांना करायचंही असतं, तरी ते दोन वर्षं लोंबकळतं.

पैशाकडे वळू. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं ‘स’ यादीत येतात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण यादीत जागा हवी असेल तर दिवाळीच्या आसपास एस्टिमेटसह काम विभागाकडे पोहोचलेलं असावं. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर-घट करते, आणि मग ते सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे येतं. स्थायी समितीत सोळा सदस्य असतात आणि ते पक्षांच्या संख्याबळानुसार येतात. त्यामुळे ‘स’ यादीतला वाटा सत्ताधाऱ्यांना जास्त, विरोधकांना कमी, ही ओरड दर अंदाजपत्रकाच्या सभेत होते. प्रभाग दोन पक्षांत विभागलेला असेल तर व्यवहारी मार्ग एकच : ज्याच्या नावावर मोठी तरतूद मिळू शकते त्याच्या यादीत ड्रेनेज टाकायचं, आणि वरचं रस्ता पूर्ववत करण्याचं काम दुसऱ्याच्या यादीत. दोघांकडे दाखवायला काम राहतं. फक्त क्रम सांभाळायचा.

क्रम न सांभाळल्याने जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नाही. ड्रेनेज जमिनीखाली जातं, काँक्रीटचा रस्ता डोळ्यांना दिसतो. निवडणूक जवळ आली की प्रत्येकाला रस्ता हवा असतो. एकाच्या यादीतलं काँक्रीट आधी होतं, दुसऱ्याच्या यादीतलं ड्रेनेज निविदेत अडकलेलं असतं. मग नव्या रस्त्याच्या दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, खोदाईला परवानगी मिळत नाही. मिळाली तर नवा रस्ता फोडावा लागतो, आणि फोडलेल्या पट्ट्याचा सांधा पावसाळ्यात खचतो. म्हणून चौघांच्या एकत्र पत्रातच लिहून घ्यावं : आधी मैलापाणी वाहिनी, मग पाण्याची लाइन, मग केबल, आणि शेवटी काँक्रीट. ही एक ओळ पुढची अनेक भांडणं टाळते.

छोट्या कामांना आणखी एक वाट आहे. २००६पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. रहिवासी स्वतः अर्ज भरून प्रभागातली छोटी कामं सुचवू शकतात. १८० मीटरची लाइन त्यात बसणार नाही. चेंबरची झाकणं, खचलेला एखादा टप्पा, पावसाळी जाळ्या ही कामं मात्र बसतात. यात नगरसेवकाचं नाव नसतं, म्हणून श्रेयाचं भांडणही होत नाही. आम्हाला हा मार्ग फार उपयोगी वाटतो.

तरतूद मिळाली म्हणजे काम झालं, असं समजणं सगळ्यांत महागात पडतं. तरतूद कागदावर असते तोवर ती वर्गीकरणाने उचलता येते. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे हे प्रस्ताव जानेवारीपासून मार्चपर्यंत ढिगाने येतात. विषयपत्रिकेत एक ओळ असते, अंदाजपत्रकाच्या पान क्रमांकाचा आणि संकेतांकाचा उल्लेख असतो, गल्लीचं नाव असतंच असं नाही. आपल्या कामाचा संकेतांक टिपून ठेवायचा आणि स्थायी समितीच्या प्रत्येक विषयपत्रिकेत तो शोधायचा. समितीत आपल्या पक्षाचा सदस्य असेल तर त्याच्याकडे तो आधीच देऊन ठेवायचा. विषय दिसला तर सभेआधी लेखी हरकत द्यायची, कारण विषय मंजूर झाल्यावर फार काही उरत नाही. पैसे सुरक्षित करायचे तर एस्टिमेट मंजूर करून घेऊन तरतूद लवकरात लवकर लॉक करवून, म्हणजे त्याच कामासाठी राखून, घ्यावी. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद बुडते, आणि पुढच्या वर्षी सगळं नव्याने.

एस्टिमेट मात्र घाईत होऊ देऊ नये. पुण्यात खोदाईचा दर कशात खोदतो यावर ठरतो : माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक. खाली बसाल्ट आहे आणि काही भागांत तो मीटरभरावरच लागतो. गल्लीत सुरुंग लावता येत नाही. ब्रेकरनेच फोडावा लागतो, तोही हळूहळू, कारण बाजूला जुन्या भिंती असतात. एस्टिमेटमध्ये सगळी खोदाई मुरमात धरलेली असेल तर खडक लागल्यावर जादा बाब, म्हणजे एस्टिमेटमध्ये नसलेला खर्च, मंजूर होईपर्यंत काम थांबतं, आणि खणलेला चर उघडा राहतो. म्हणून एस्टिमेटआधी तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्यायला सांगावं : दोन टोकांना आणि मध्ये. याच खड्ड्यांत महावितरणची केबल, गॅसची लाइन आणि पाण्याची लाइन किती खोल आहेत तेही कळतं. चेंबर दर ३० मीटरला धरावीत, म्हणजे आपल्या गल्लीत दोन्ही टोकं धरून सात. घरजोडण्यांचा खर्च एस्टिमेटमध्ये आहे ना, हे नावनिशी तपासावं. तो नसेल तर नवी लाइन तयार होते आणि घरं जुन्याच लाइनला राहतात.

काम खर्चाच्या मर्यादेत बसवण्यासाठी त्याचे तुकडे करण्याचा सल्ला कोणीतरी देतोच : साठ मीटरची तीन कामं करा, मंजुरी खालच्या पातळीवर होईल. हे करू नये. तीन ठेकेदार येतात, तिघांच्या पातळ्या जुळत नाहीत, लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि विरोधकांच्या हाती पुराव्यासकट कागद लागतो. लाइन खरोखरच ढासळली असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क)खाली आयुक्तांना तातडीचं काम करता येतं. ते त्यासाठीच राखून ठेवावं.

निविदेत दोन पाकिटं असतात : अ पाकिटात पात्रतेची कागदपत्रं, ब पाकिटात दर. पुरेशा निविदा आल्या नाहीत तर मुदतवाढ होते. या काळात नगरसेवकाने निविदेपासून लांब राहावं. कोणाला काम मिळावं यात रस घेतलेला नगरसेवक पुढे खराब कामावर बोलू शकत नाही, आणि ठेक्यात स्वतःचा हितसंबंध निघाला तर पदच जातं. एकाच गोष्टीवर नजर ठेवावी : दर फारच खाली आला आहे का? तीस-पस्तीस टक्के कमी दराने घेतलेल्या कामात ठेकेदार पाइपखालचा बेड आणि चर भरण्याची दाबाई यांवर बचत करतो. कमी दरासाठी जादा सुरक्षा ठेव घेतली गेली आहे का, ते लेखी विचारावं.

मोठ्या रकमेची निविदा स्थायी समितीपुढे येते, आणि राजकारणाची इथली पद्धत शांत असते. ड्रेनेजच्या कामाला उघड विरोध कोणी करत नाही. विषय ‘एक महिना पुढे’ जातो. दोनदा पुढे गेला की पावसाळा येतो आणि खोदाई बंद होते. मग दिवाळीनंतरच कुदळ पडते. असं होऊ लागलं की गटनेत्यामार्फत थेट समितीच्या अध्यक्षांशी बोलावं आणि चौघांच्या सह्यांचं पत्र पुढे ठेवावं. अध्यक्षांच्याच पक्षाच्या नगरसेवकाची सही त्यावर असेल तर विषय सहसा त्याच आठवड्यात मार्गी लागतो. त्या सह्यांचा खरा उपयोग इथे होतो.

पक्षादेशाची (व्हिपची) भीती अनेक नवे नगरसेवक उगाच बाळगतात. निवडणुकीनंतर पक्षाच्या गटाची नोंद विभागीय आयुक्तांकडे होते. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर १९८६च्या अनर्हता (अपात्रता) कायद्याखाली सदस्यत्व धोक्यात येतं. तो धोका सभागृहातल्या मतदानाचा आहे. प्रभागातल्या गल्लीसाठी दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकाबरोबर एका पत्रावर सही केली म्हणून त्या कायद्याखाली काही होत नाही.

कार्यादेश निघाला की भूमिपूजनाचा प्रश्न येतो. काम याच दिवशी बिघडतं, म्हणून ठरवायचं ते आधीच लिहून ठरवावं. चौघांची नावं अ, ब, क, ड या क्रमाने. एक नारळ, एक फलक. आमदार किंवा खासदार येणार असतील तर वेळ चौघांना विचारून. सकाळी एका पक्षाने आणि संध्याकाळी दुसऱ्याने नारळ फोडला की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराविरुद्ध तक्रार अर्ज येतो आणि अभियंता काम थांबवतो. फ्लेक्सच्या ऐवजी कामाचा माहितीफलक लावून घ्यावा : कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत, दोषदायित्वाचा कालावधी. विनापरवाना फ्लेक्स तर १९९५च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात बसतोच.

काम सुरू असताना तीन वेळा स्वतः जायचं. चर खणून झाल्यावर, पाइप येण्याआधी : तळ सपाट आहे का, खडकाची टोकं पाइपला टेकणार नाहीत ना. चर दीड-दोन मीटरहून खोल असेल तर बाजूंना आधार दिलाय का. नसेल तर काम तिथेच थांबवावं, आत माणसं असतात. दुसऱ्यांदा पाइप जोडल्यावर, माती टाकण्याआधी. एका चेंबरमध्ये बॅटरी धरायची आणि पुढच्या चेंबरमधून आरसा लावून बघायचं. उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर लाइन सरळ आहे. अर्धचंद्र दिसला तर मध्ये पाइप बसला किंवा सरकला आहे. तो त्याच दिवशी काढायला लावायचा. तिसऱ्यांदा भरणीच्या वेळी : माती थराथराने टाकून दाबली जाते का, की ट्रक एकदम रिकामा होतो.

बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेतली लांबी आणि चेंबरची संख्या गल्लीतल्या दोन रहिवाशांसमक्ष जुळवून बघावी. सात चेंबरचं बिल आणि जागेवर सहा, असं सापडलं तर चौघांपैकी जो त्या वेळी हजर असेल त्याने लेखी कळवायचं, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. लाइन प्रत्यक्षात कुठून गेली त्याचा नकाशा विभागाकडून मागून घ्यावा आणि चारही कार्यालयांत एकेक प्रत ठेवावी. पाच वर्षांनी चौघांपैकी कोण असेल ते सांगता येत नाही, आणि रस्ता खोदायला येणाऱ्याला तो नकाशाच लागतो.

दोषदायित्वाचा काळ संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, सातही चेंबर पुन्हा उघडून घ्यावीत. कुठे गाळ बसला असेल, भरणी खचली असेल, घरजोडणी गळत असेल तर ते फोटोसह लिहून विभागाला द्यावं. ठेकेदाराची ठेव अजून महापालिकेकडे असते, आणि तोवर दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडूनच करून घेता येतो.